दाभोळास उतरलेला सौदागर : मत्सराची एक दरबारी कथा

वाशिष्ठी नदी ज्या ठिकाणीं समुद्राला मिळते त्या ठिकाणीं, तिच्या उत्तर तीरावर, रत्नागिरी जिल्ह्यांतील दाभोळ हें गांव वसलें आहे. समोर धोपावें, जरा पश्चिमेस अंजनवेलचा गोपाळगड, आणि मध्यें खाडीचें रुंद पात्र. किनाऱ्याजवळ दगडी बांधणीची एक सुंदर मशीद आहे. तिला कोणी मासाहेबांची तर कोणी अंडा मशीद म्हणतात. ती विजापूरकरांच्या अमदानींतील, म्हणजे सतराव्या शतकाच्या मध्यावरची. परंतु दाभोळचें खरें वैभव त्याहूनहि जुनें आहे. बहामनी राज्याचें तें पश्चिमेकडील एक प्रमुख बंदर होतें. इराणांतून, अरबस्तानांतून आणि मिसर देशांतून येणारे घोडे येथें उतरत आणि घाट चढून बेदरच्या बाजारांत जात. त्या काळच्या दक्षिणेंत घोडा ही केवळ मौजेची वस्तु नव्हती. ज्याच्या पागेंत घोडे त्याच्या हातीं राज्य, असा तो जमाना होता.

या बंदरांत सन १४५३ च्या सुमारास एक इराणी सौदागर उतरला. त्याचें नांव ख्वाजा महमूद गवान. वय चाळिशी ओलांडलेलें, जन्म १४११ चा, मूळ देश कास्पियन समुद्राकांठचा गिलान प्रांत. त्याच्या घराण्यांतील पुरुषांनीं गिलानच्या दरबारांत मोठमोठ्या जागा भूषविल्या होत्या. पण तेथील सरदारांच्या हेव्यादाव्यांत त्या घराण्याचा टिकाव लागेना, तेव्हां महमूदानें दरबारी नोकरीचा नाद सोडला, व्यापार पत्करला आणि देशाटनास आरंभ केला. पुढें अनेक देशांचे राजे त्याला नोकरी देऊं करीत असतां त्यानें ती नाकारली, असें सांगतात. दाभोळास उतरतांना त्याचा बेत एवढाच होता कीं, बेदरला शाह मुहिब्बुल्ला या सत्पुरुषाचें दर्शन घ्यावें, माल विकावा आणि पुढें दिल्लीकडे जावें. मत्सरापासून दूर पळावें म्हणून जो मनुष्य घर सोडून निघाला, तो ज्या राज्यांत येऊन स्थिरावला तें राज्य मत्सराचें केवळ आगर होतें, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा.

बहामनी राज्यांत तेव्हां दोन तट पडले होते. एक दखनी लोकांचा. यांत पूर्वीं उत्तरेकडून येऊन पिढ्यान्‌पिढ्या येथें राहिलेले मुसलमान, येथील हिंदूंतून धर्मांतर केलेले लोक, आणि त्यांच्याशीं मिळून वागणारे हबशी होते. दुसरा तट परदेशी लोकांचा; यांना आफाकी म्हणत. इराणी, तुर्क, अरब असे समुद्रामार्गें आलेले लोक त्यांत असत. ते हुशार, लिहिण्यांत तरबेज, घोड्यावर बसण्यांत आणि धनुर्विद्येंत पटाईत. शिवाय नवे असल्यामुळें सुलतानाशिवाय त्यांना दुसरा आधार नसे, म्हणून सुलतानांनाहि तेच अधिक विश्वासाचे वाटत. जो काल गलबतांतून उतरला तो आज मनसबदार होतो आणि ज्याच्या आजानें या राज्यासाठीं रक्त सांडलें तो मागें उभा राहतो, हें दृश्य दखनी सरदारांना रोज पाहावें लागे. त्यांचें दुःख अगदींच खोटें होतें असें म्हणतां यावयाचें नाहीं.

या वैराचा पहिला भयंकर स्फोट महमूद गवान येण्यापूर्वींच, १४४७ च्या आगेंमागें, चाकणला झाला होता. खलफ हसन हा परदेशी सेनापति कोंकणांत शिर्के आणि संगमेश्वरचा राजा यांच्यावर चालून गेला आणि जंगलांत सांपडून सैन्यासह मारला गेला. वांचलेले परदेशी लोक चाकणच्या किल्ल्यांत येऊन राहिले. तेव्हां दखनी सरदारांनीं सुलतानाकडे कागद धाडले कीं, हे लोक फितूर होऊन कोंकणच्या राजांना मिळाले आहेत. सुलतानानें तें खरें मानलें, आणि चाकणला विश्वासघातानें शेंकडों परदेशी माणसांची कत्तल झाली. खरा प्रकार उघडकीस आल्यावर सुलतानानें अपराध्यांना शासन केलें, पण मेलेलीं माणसें परत येत नाहींत. खोटा कागद आणि घाईनें विश्वास ठेवणारा राजा, ही जोडी येथें प्रथम दिसते. ती पुन्हां दिसणार आहे.

मराठी भाषेनें या एका मनोविकाराला किती नांवें दिलीं आहेत पाहा. दुसऱ्यापाशीं आहे तें आपल्यापाशीं असावें असें वाटणें हा हेवा. त्यांत अजून फारशी विषबाधा नाहीं, आणि कधीं कधीं तो माणसाला उद्योगासहि लावतो. दुसऱ्यापाशीं आहे तें त्याच्यापाशीं नसावें असें वाटूं लागलें कीं तो मत्सर. आणि दुसऱ्याचा गुण हाच दोष म्हणून दाखविण्याची जी खटपट, तिला आपल्या शास्त्रकारांनीं असूया म्हटलें आहे. षड्रिपूंत मत्सराला शेवटची जागा मिळाली ती कदाचित् यासाठीं कीं, इतर पांच शत्रु निदान क्षणभर तरी सुख देतात. मत्सर तेवढेंहि देत नाहीं. ॲरिस्टॉटलचें निरीक्षण असें कीं, मत्सर हा बरोबरीच्या माणसांतच उत्पन्न होतो. भिकाऱ्याला राजाचा मत्सर वाटत नाहीं. त्याला शेजारच्या भिकाऱ्याचा वाटतो. सरदाराला सरदाराचा वाटतो. म्हणूनच दरबार, कचेरी, विद्वानांची सभा आणि भाऊबंदांचा वाडा ह्या मत्सराच्या खास जागा.

असो. महमूद गवान बेदरला आला आणि सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमद यानें त्याला ठेवून घेतला. पुढील सुलतान हुमायून याच्या कारकीर्दींत त्याला मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, हा किताब मिळाला. १४६१ मध्यें हुमायून वारला. गादीवर अल्पवयी निजामशाह, आणि १४६३ पासून त्याचा धाकटा भाऊ तिसरा महंमदशाह आला. राजमाता, ख्वाजा जहान तुर्क आणि महमूद गवान असें तिघांचें मंडळ कारभार पाहूं लागलें. ख्वाजा जहानाचा खून झाल्यावर १४६६ च्या सुमारास सर्व कारभार एकट्या गवानाच्या हातीं आला. पंधरा वर्षें तो या राज्याचा मुख्य वजीर होता.

अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी त्याच सुमारास या प्रांतीं आला होता. चौलला उतरून जुन्नर, बेदर असा तो हिंडला आणि शेवटीं दाभोळलाच गलबतांत बसून परत गेला. त्यानें आपल्या टिपणांत या मलिक-उत्-तुज्जाराविषयीं लिहिलें आहे कीं, त्याच्या पंक्तीला रोज पांचशें माणसें जेवतात, त्याच्या पागेंत दोन हजार घोडे आहेत, आणि त्यांपैकीं एक हजार रात्रंदिवस खोगीर घालून तयार असतात. त्याच टिपणांत दुसरेंहि एक निरीक्षण आहे: या देशांत सरदार अत्यंत संपन्न आणि खेड्यांतील लोक फार दरिद्री आहेत. एका परक्या फिरस्त्याला जें दिसलें तें दखनी सरदारांना दिसत नसेल काय? मात्र त्यांना खेड्यांतील दारिद्र्य दिसत नसावें. पांचशें पानांची ती पंगत तेवढी दिसत असावी.

१४६९ मध्यें गवान स्वतः कोंकणच्या मोहिमेवर निघाला. खेळणा, म्हणजे पुढचा विशाळगड, आणि संगमेश्वर येथील राजे समुद्रावर व्यापारी गलबतें लुटीत, अशी तक्रार होती. ज्याच्या पूर्ववयांतील सर्व व्यवहार दाभोळ-हुर्मुजच्या समुद्रमार्गानें झाला, त्याला या तक्रारीचें महत्त्व कोणीं सांगावयास नको होतें. जंगल तोडीत, पावसाळ्यांत कोल्हापुराकडे माघार घेत, कोठें लढून तर कोठें पैसा देऊन त्यानें एकेक किल्ला घेतला. ही मोहीम जवळजवळ तीन वर्षें चालली. त्याचीं जीं फार्सी पत्रें ‘रियाझ-उल्-इन्शा’ या संग्रहांत राहिलीं आहेत, त्यांवरून दिसतें कीं, समोरच्या शत्रूपेक्षां पाठीमागच्या मत्सरी लोकांनीं त्याला अधिक गांजलें. दरबारांत आपल्याविरुद्ध कान भरले जात आहेत, वेळेवर मदत पोंचत नाहीं, ही त्याची तक्रार पुनःपुन्हां येते. तरीहि १४७२ च्या फेब्रुवारींत त्यानें गोवें घेतलें आणि तो विजयी होऊन बेदरला परतला.

यानंतर जो प्रसंग घडला तो फिरिश्ता या इतिहासकारानें मोठ्या तपशिलानें सांगितला आहे. सुलतान स्वतः गवानाच्या घरीं जाऊन आठवडाभर पाहुणा राहिला. राजमातेनें त्याला भाऊ म्हणून संबोधिलें. अंगावर राजवस्त्रें घातलीं. असा बहुमान त्या राज्यांत दुसऱ्या कोणा वजिराचा झाला नव्हता. सुलतान निघून गेल्यावर गवान आपल्या खोलींत गेला, तीं वस्त्रें त्यानें उतरून टाकलीं आणि जमिनीवर पडून तो रडूं लागला. मग फकिराचा वेष धारण करून बाहेर आला, बेदरमधील विद्वानांना आणि साधुपुरुषांना बोलावून आपल्याजवळचें द्रव्य आणि जडजवाहीर त्यानें वांटून टाकलें. ठेवले ते फक्त ग्रंथ, घोडे आणि हत्ती. एका विद्वान् मित्रानें विचारलें, एवढें दिलें मग हें कां ठेवलें? त्याच्या उत्तराचा आशय असा: सुलतान घरीं राहिला आणि राजमातेनें भाऊ म्हटलें, त्या क्षणीं आपल्या मनांत गर्व शिरला, आणि त्या गर्वाची आपणांस भीति वाटली, ग्रंथ हे विद्यार्थ्यांचे आणि घोडे-हत्ती हे सुलतानाचे आहेत, ते आपण कसे देणार?

हा प्रसंग पुष्कळांनीं वैराग्याचें उदाहरण म्हणून सांगितला आहे. तें खरेंच, पण त्यांत आणखीहि कांहीं आहे. अतिशय उत्कर्षाच्या क्षणीं माणसाला भय वाटतें, ही भावना जगभर आढळते. आपल्या घरांत गोजिरवाण्या मुलाच्या गालाला तीट लावतात आणि मीठमोहरीनें दृष्ट काढतात, ती याच भयापोटीं. सॅमॉसचा राजा पॉलिक्रटीझ यानें अति भाग्याला भिऊन आपली आवडती अंगठी समुद्रांत टाकली, आणि ती माशाच्या पोटांतून पुन्हां त्याच्या ताटाशीं आली, अशी कथा हिरॉडॉटसनें सांगितली आहे. गवान चाळीस वर्षांच्या अनुभवानें शहाणा झालेला मनुष्य होता. त्याचें घराणें गिलानमध्यें मत्सरापायीं धुळीस मिळालें होतें. तेव्हां त्यानें अंगठी टाकली नाहीं, घरच रिकामें केलें. बेकननें १६२५ मध्यें मत्सरावर जो निबंध छापला त्यांत म्हटलें आहे कीं, शहाणे अधिकारी आपल्या थोरवीबरोबर आपल्या कष्टांचेंहि रडगाणें गात असतात. तें खरें दुःख नसतें, मत्सराची धार बोथट करण्याचा तो उपाय असतो. गवानाचें रडणें या जातीचें होतें काय? तसें वाटत नाहीं, कारण बंद खोलींत कोणाला दाखविण्यासाठीं कोण रडतो?

पण दान करून मत्सर शमतो ही समजूत भाबडी आहे. ज्याला गवानाचा मोठेपणा सलत होता त्याला त्याचा फकिरी वेष त्याहून सलला असेल. श्रीमंत वजिराला लोभी म्हणतां येतें; निःस्पृह वजिराला काय म्हणावें? त्याच सुमारास, १४७२ मध्यें, गवानानें बेदरला आपला प्रसिद्ध मदरसा बांधला. तीन मजल्यांची इराणी धाटणीची ती इमारत, तिच्यावरील रंगीत चिनी फरशांचें काम, आणि आंतील हजारों हस्तलिखितांचा संग्रह, हें सर्व दुरून येणाऱ्याला कौतुकाचें वाटे. सतराव्या शतकाच्या अखेरीस स्फोटानें तिचा मोठा भाग उध्वस्त झाला. उरलेला भाग आणि एक मनोरा अजून उभा आहे.

गवानाचा दुसरा उपाय अधिक मुत्सद्दीपणाचा होता. बड्या जागा दखनी आणि परदेशी यांच्यांत तोलून वांटावयाच्या, म्हणजे कोणाची तक्रार राहणार नाहीं, असा त्याचा हिशेब होता. तो स्वतः परदेशी असून परदेशांचाच पक्षपात त्यानें केला नाहीं, हें त्याच्या शत्रूंनाहि नाकारतां येण्यासारखें नव्हतें. वऱ्हाडचा फत्तेउल्ला इमाद-उल्-मुल्क आणि माहूरचा खुदावंदखान हबशी, हे दखनी पक्षांतलेच मोठे सरदार, पण ते शेवटपर्यंत गवानाला मानीत. मात्र याच वेळीं त्यानें राज्यव्यवस्थेंत जे फेरफार केले ते मात्र सर्वांच्याच पायांवर पडले. राज्याचे चार मोठे सुभे होते, त्यांचे त्यानें आठ केले. प्रत्येक सुभेदाराच्या ताब्यांत एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाचे स्वतंत्र किल्लेदार नेमले. सरदारांनीं जितके स्वार ठेवावयाचे तितके न ठेवल्यास त्यांची रक्कम कापून घेण्याचा नियम केला. जमिनीची मोजणी सुरू केली. राज्याच्या हिताचे हे फेरफार होते यांत शंका नाहीं, परंतु ज्याचा सुभा अर्धा झाला त्यानें राज्याचें हित कोणत्या डोळ्यांनीं पाहावें?

अशा लोकांत मलिक हसन निजाम-उल्-मुल्क बहरी हा प्रमुख. फिरिश्ता म्हणतो कीं, हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळांतला. लहानपणीं पकडला जाऊन मुसलमान झाला आणि स्वतःच्या कर्तबगारीनें वर चढला. सगळा तेलंगण त्याच्या हातीं होता. नव्या व्यवस्थेनें राजमहेंद्री त्याच्याकडे राहिली आणि वरंगळ दुसऱ्याकडे गेलें. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. बहरी आणि गवान हे दोघेहि परिस्थितीनें घराबाहेर फेंकलेले, दोघेहि बुद्धीच्या जोरावर वर आलेले. त्यांच्यांत जें साम्य होतें तेंच वैराचें मूळ झालें. जन्मानें सरदार असलेल्याला गवान हा केवळ उपरा वाटला असता. बहरीला तो आरशांतल्या प्रतिबिंबासारखा वाटला असेल, आणि प्रतिबिंब दोन पायऱ्या वर उभें होतें.

पुढची हकीकत दुःखद आहे. १४८१ मध्यें सुलतान पूर्वेकडील स्वारींत असतां कोंडापल्लीला छावणी पडली होती. जरीफ-उल्-मुल्क दखनी आणि मिफ्ताह हबशी या दोघां कटवाल्यांनीं गवानाचा शिक्का संभाळणाऱ्या हबशी गुलामाशीं मैत्री जोडली, त्याला देणग्या दिल्या, मद्य पाजलें, आणि एक घडी केलेला कागद पुढें केला. हा एका मित्राच्या हिशेबाचा कागद आहे, इतर अधिकाऱ्यांचे शिक्के झाले, तुमच्या धन्याचा तेवढा राहिला, असें सांगितलें. नशेंत त्यानें घडी न उलगडतांच शिक्का मारला. मग त्या कोऱ्या कागदावर ओरिसाच्या राजाला गवानाच्या नांवें पत्र लिहिण्यांत आलें: सुलतान व्यसनी आहे, सरहद्द मोकळी आहे, चालून यावें, राज्य वांटून घेऊं. बहरीनें योग्य वेळ साधून तें सुलतानाच्या हातीं पडेल अशी व्यवस्था केली. सुलतान त्या वेळीं मद्याच्या अमलांत होता.

गवानाला बोलावणें आलें. मित्रांनीं सांगितलें, आज जाऊं नका. कित्येकांनीं गुजराथकडे निघून जाण्यास सुचविलें, आपलें सैन्य देऊं केलें. त्यानें तें ऐकलें नाहीं. एकदां गिलान सोडून तो पळाला होता. सत्तरीच्या घरांत पोंचलेल्या माणसाला दुसऱ्यांदा पळण्याची इच्छा उरली नव्हती, असें दिसतें. सुलतानानें विचारलें, माझ्या सेवकानें राजद्रोह केला तर त्याला शिक्षा काय? गवान म्हणाला, देहान्त. पत्र दाखविलें तेव्हां तो म्हणाला, शिक्का माझा आहे, पत्र माझें नाहीं. पुढें चौकशी नाहीं, साक्ष नाहीं, लेखकाचा शोध नाहीं. ज्या मुलाला दहाव्या वर्षापासून त्यानें वाढविलें होतें, तो आतां अठ्ठावीस वर्षांचा सुलतान उठून आंत गेला आणि जौहर नांवाच्या हबशी गुलामाला त्यानें हुकूम दिला. मरण्यापूर्वीं गवान एवढेंच बोलला कीं, माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या मरणाचें कांहीं विशेष नाहीं, परंतु त्यानें तुझी कीर्ति आणि तुझें राज्य बुडेल. तारीख ५ एप्रिल १४८१.

सगळा दोष बहरीवर टाकून इतिहासकार मोकळे होतात, तें पटत नाहीं. खोट्या कागदावर विश्वास ठेवण्याइतकें मन सुलतानाचें आधींच तयार नसतें तर तो कागद फुकट गेला असता. ज्याच्यामुळें आपण मोठे झालों तो माणूस रोज डोळ्यांसमोर असणें ही कित्येकांना मोठी शिक्षा वाटते. राज्य आपलें, पण लोक नांव घेतात वजिराचें. विजय आपला, पण गोवें घेतलें त्यानें. सरदारांचा मत्सर उघड होता म्हणून त्याला नांव मिळालें. राजाच्या मत्सराला संशय हें सभ्य नांव मिळतें.

तसेंच या कथेचे साक्षीदार कोण, हेंहि पाहिलें पाहिजे. फिरिश्त्यानें आपला ग्रंथ सव्वाशें वर्षांनंतर विजापुरांत लिहिला. तो स्वतः इराणी, म्हणजे परदेशी पक्षाचा. त्यानें आधार घेतला तो मुल्ला अब्दुल करीम हमदानी याच्या लिखाणाचा. आणि हा मुल्ला तर गवानाच्या परिवारांतलाच. दखनी पक्षाची बाजू कोणीं लिहून ठेवली नाहीं. ज्याचा मत्सर झाला त्याचें चरित्र लिहिलें जातें. ज्याला मत्सर वाटला तो आपली हकीकत कधींच लिहीत नाहीं, कारण ती लिहावयाची म्हणजे प्रथम तो विकार स्वतःशीं कबूल करावा लागतो. बहरीचा सुभा अर्धा झाला ही तक्रार त्याला उघड मांडतां आली असती, कदाचित् तिचा न्यायहि झाला असता. ती त्यानें मांडली नाहीं. दुसऱ्याच्या हस्ताक्षरांत, दुसऱ्याच्या शिक्क्याखालीं त्यानें ती मांडली.

परिणाम लगोलग दिसूं लागले. इमाद-उल्-मुल्क आणि खुदावंदखान यांनीं आपले तळ सुलतानाच्या छावणीपासून दूर नेले. ख्वाजासारख्या माणसाची ही गत, तर आमची काय, असा त्यांचा सवाल होता. गवानानें पुढें आणलेला यूसुफ आदिलखान विजापुराकडे गेला. सुलतानानें पश्चात्ताप होऊन शव सन्मानानें बेदरला पाठविलें, पण मद्य सुटलें नाहीं, आणि २२ मार्च १४८२ रोजीं, वर्ष पुरें होण्याच्या आंत, तो मेला. शेवटच्या दिवसांत ख्वाजा आपलें काळीज फाडीत आहे असें तो ओरडत असे, अशी कथा आहे. बहरीला हवी होती ती वजिरी मिळाली आणि ती चार वर्षें टिकली. १४८६ मध्यें बेदरलाच त्याचा खून झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद यानें १४९० मध्यें जुन्नरला स्वातंत्र्य पुकारलें आणि अहमदनगरची निजामशाही उभी केली. विजापुरांत आदिलशाही, वऱ्हाडांत इमादशाही झाली. दाभोळ विजापूरकरांकडे राहिलें, आणि १५०८ च्या डिसेंबरांत पोर्तुगीज आल्मेडा यानें तें जाळलें, तेव्हां बेदरला मदत मागावी असें कांहीं शिल्लक उरलें नव्हतें.

गवानाला मारल्यावर सुलतानानें त्याच्या खजिनदाराला बोलावून विचारलें होतें कीं, तुझ्या धन्याची दौलत कोठें आहे? दरबारांत अशी वदंता होती कीं, ती अपरंपार असावी. खजिनदारानें सांगितलें कीं, दोन खजिने आहेत. एक सुलतानाच्या फौजेच्या आणि हत्तीघोड्यांच्या खर्चाचा, दुसरा गोरगरिबांचा. दोन्ही उघडून पाहिले तेव्हां त्यांत थोडीशीं नाणीं निघालीं. स्वतःसाठीं धनी काय खात असे, असें विचारतां तो म्हणाला कीं, इराणांतून येतांना त्यांनीं चाळीस हजार लाऱ्या भांडवल आणलें होतें. तेंच व्यापारांत फिरत असे, त्याच्या नफ्यांतून रोजचा थोडा घरखर्च चाले आणि बाकीचें दानधर्मांत जाई. लारी म्हणजे चांदीच्या तारेचें, मध्यें दुमडलेलें, चिमट्यासारखें नाणें. हुर्मुजच्या व्यापारांत तेंच चालत असे. दोनशें वर्षांनंतर विजापूरचा दुसरा अली आदिलशाह यानें अशा लाऱ्या दाभोळच्या टांकसाळींत पाडल्या, आणि त्यांतल्या कांहीं, दाभोळच्या नांवासह, अजून वस्तुसंग्रहालयांतून पाहावयास मिळतात.